आधी माल, मग भिंती

गोंदिया शहर कुठे संपते आणि शेजारचे कुडवा गाव कुठे सुरू होते, हे बाहेरून आलेल्याला सांगता येत नाही. धानाच्या बांध्या, त्यांना लागून पाडलेले प्लॉट, मध्येच एखादी राइस मिल आणि पलीकडे पत्र्याचे नवे शेड, अशी सगळी सरमिसळ आहे. किल्ले, देवळे आणि वाडे यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. मिल, वखार आणि भट्टी यांच्याकडे मात्र इमारत म्हणून फार थोड्यांनी पाहिले. गोंदियाच्या बाबतीत हे दुर्लक्ष खटकते, कारण या शहराला तट नाही, बुरूज नाही, राजवाडा नाही. ते मालामुळे वसले आणि त्याच्या इमारतींना आकारही मालानेच दिला. धानाला काय लागते, विडीच्या पानाला काय लागते, लाखेला काय लागते, हे ज्याला कळत होते तोच इथला खरा बांधकामवाला.

रेल्वे येण्याआधी या भागातले मोठे नाव होते कामठा जमीनदारीचे. गोंदिया तेव्हा बाजाराचे गावही म्हणण्याजोगे नव्हते. पण 'कामासाठी बांधकाम' ही गोष्ट इथल्या लोकांना नवी नव्हती. कोहळी समाजाने भंडारा-गोंदियाच्या परिसरात बांधलेले तलाव हे त्या काळचे सर्वांत मोठे उपयोगी बांधकाम होते. नवेगावबांधचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. धानाला पाणी द्यायचे तर उतार कुठे आहे, पाळ किती रुंद हवी, सांडवा कुठून काढायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकलेले ज्ञान होते. पिकलेले धान साठवायला घरोघरी बांबूची, शेणामातीने लिंपलेली ढोली असे. तिचा आकार घरच्या माणसांच्या पोटावर ठरे. व्यापारासाठी साठवण करायची गरज पडली तेव्हा ढोली अपुरी पडली आणि वखार आली.

ती गरज रेल्वेने आणली. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मीटर गेज मार्ग १८८० ते १८८२ या काळात राजनांदगावपर्यंत पोहोचला. त्यामागचा हेतू उघड होता: छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडे आणायचे. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलला नेऊन भिडवला. पुढे १९०३ मध्ये गोंदियाहून उत्तरेला नैनपूरकडे सातपुड्याचा नॅरो गेज मार्ग निघाला आणि १९०५ पर्यंत जबलपूरला पोहोचला. १९०८ मध्ये दक्षिणेला नागभीडकडची छोटी लाईन सुरू झाली.

या छोट्या लाईनींनीच गोंदियाचे नशीब पालटले. नॅरो गेजच्या रुळांतले अंतर अडीच फूट, तर मुख्य मार्गाच्या रुळांतले साडेपाच फूट. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हता. बालाघाटचे धान असो, मंडल्याच्या जंगलातली लाख असो किंवा नागभीडकडून आलेले पान, प्रत्येक पोते गोंदियाला उतरवून पुन्हा चढवावे लागे. रेल्वेच्या हिशेबात ही अडचणच होती, पण गावाला तिनेच रोजगार दिला. जिथे माल उतरतो तिथे तो चार दिवस पडतो. पडला की त्याला छप्पर लागते, हमाल लागतात, तोलाई लागते, दलाल लागतो. आणि माल इथे थांबतोच आहे तर भरडून, निवडून, भाजून पुढे का पाठवू नये, असा विचार व्यापाऱ्याच्या मनात येतोच. गोंदियाच्या गिरण्या आणि गोदामे यांचे मूळ रुळांच्या या दोन मापांत आहे.

बांधणारे हात दुरून आले तसेच जवळूनही आले. कच्छमधले मिस्त्री ठेकेदार बंगाल-नागपूर रेल्वेच्या पुलांवर आणि स्थानकांवर काम करत पूर्वेकडे सरकत होते. दगडी चुन्याचे काम, कमानी, लांब पल्ल्याची छपरे यांत त्यांचा हातखंडा होता. विटा भाजायला, माती वाहायला, गिलावा करायला इथलेच मजूर आणि रेजा होत्या. चुना, सुर्खी, जंगलातले सागवान आणि कुंभाराचे कवेलू एवढ्या सामानावर पहिल्या वखारी उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये हेन्री पामरने नालीदार पत्र्याचे पेटंट १८२९ मध्ये घेतले होते, लंडनच्या गोदीतल्या शेडसाठी. तो पत्रा कलकत्त्याच्या बंदरात उतरे आणि आता रेल्वेने सरळ गोंदियाला येऊ शकत होता. टाटांचा पोलाद कारखानाही याच मार्गावर उभा राहिला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघू लागले. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तीही याच मार्गावर, गोंदियाच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत. छपराच्या लाकडी कैचीच्या जागी लोखंडी अँगलची कैची इथे रुळली, त्यात या शेजाराचा वाटा मोठा आहे.

आता राइस मिल. ती बाहेरून साधी दिसते: उंच भिंती, वर पत्रा, एक धुरांडे. तिचे खरे बांधकाम भिंतीच्या आत असते.

सुरुवातीच्या मिलमध्ये हलर होता. एंगेलबर्ग नावाच्या ब्राझीलवासी माणसाने १८८० च्या दशकात हे यंत्र केले, पुढे ते अमेरिकेत तयार होऊन जगभर गेले. लोखंडी नळकांड्यात धान घासले जाई आणि तूस, कोंडा, कणी, तांदूळ सगळे एकदमच बाहेर पडे. अशा हलरला एक खोली पुरे. जोते भक्कम, एका बाजूला इंजिन, पट्टा आणि दोन खिडक्या असल्या की काम भागे. शेलरची मिल वेगळी. तिथे आधी धान चाळायचे, मग तूस काढायचे, मग न सोललेले दाणे वेगळे करून पुन्हा मागे पाठवायचे, मग पॉलिश, मग कणी वेगळी. प्रत्येक पायरीनंतर दाणा वर उचलायचा आणि स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यायचा. त्यासाठी बादल्यांची माळ असलेला एलिव्हेटर लागतो. एलिव्हेटरला जमिनीखाली खड्डा हवा आणि छपराखाली उंची हवी. शिवाय जुन्या मिलमध्ये सगळी यंत्रे एकाच इंजिनवर चालत. लांबच लांब शाफ्ट, त्यावर चाके, चाकांवरून प्रत्येक यंत्राला गेलेले चामडी किंवा कापडी पट्टे. शाफ्ट सूतभर वाकडा बसला तर पट्टे उतरत. म्हणून मिस्त्रीला भिंत बांधण्याआधी शाफ्टची रेषा आखून घ्यावी लागे. यंत्राचा पाया भिंतीच्या पायापासून सुटा ठेवावा लागे. नाहीतर हादऱ्याने दोन हंगामांत भिंतीला चिरा जात. घर बांधणाऱ्या गवंड्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मिल बांधणारा गवंडी वेगळा ओळखला जाई तो यामुळे.

उष्णा तांदळाच्या मिलला तर इमारतीपेक्षा मोकळी जागाच अधिक लागे. धान हौदात भिजवायचे, वाफ द्यायची आणि पुन्हा वाळवायचे. वाळवण्यासाठी सिमेंटचे मोठे पटांगण, त्याला पाणी न साचेल इतका उतार आणि अवकाळी ढग आले तर धान पटकन ओढून झाकता येईल अशी पडवी लागे. मिल दिवसाला किती माल काढू शकते हे यंत्राच्या ताकदीइतकेच या पटांगणाच्या मापावर ठरत असे. पायाने धान फिरवत उन्हात दिवस काढणाऱ्या बाया हा त्या यंत्रणेचाच भाग होता, पण नकाशात त्यांच्यासाठी सावलीचा एक कोपराही क्वचितच आखलेला असे. पुढे तुसावर चालणारे बॉयलर आणि यांत्रिक ड्रायर आले, तसे पटांगण आक्रसत गेले.

तुसाचा हिशेब मात्र चुकवता येत नाही. शंभर किलो धानातून वीस किलोच्या आसपास तूस निघते. वजनाने ते पाचवा भाग, पण इतके हलके की आलेल्या धानाने जेवढी जागा व्यापली होती जवळजवळ तेवढीच जागा सुटे तूस मागते. नवखा मालक हे विसरतो आणि पहिल्या हंगामातच मिलच्या मागे डोंगर उभा राहतो. वारा गावाकडे वाहत असेल तर ते तूस लोकांच्या अंगणात, विहिरीत आणि डोळ्यांत जाते. म्हणून मुरलेला बांधकामवाला आधी वाऱ्याची दिशा विचारी आणि तुसाची कोठी गावाच्या उलट बाजूला धरी.

१९५८ मध्ये केंद्र सरकारने तांदूळ गिरणी उद्योगाच्या नियमनाचा कायदा केला. नव्या मिलला परवाना लागू लागला, हलरऐवजी शेलरकडे वळण्याचा आग्रह सुरू झाला. इमारतींची उंची वाढली त्यात या कायद्याचाही हात आहे. १९९७ मध्ये तो रद्द झाला, परवान्याची अट गेली आणि गिरण्यांचा विस्तार मोकळा झाला. दरम्यान सरकार स्वतः सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनले होते. हमीभावाने घेतलेले धान मिलमालकाला भरडाईसाठी द्यायचे आणि क्विंटलमागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उष्णा तांदूळ परत घ्यायचा, ही पद्धत बसली. मिलला आता दोन गोदामे लागू लागली, येणाऱ्या धानाचे आणि जाणाऱ्या तांदळाचे. १९५७ मध्ये केंद्रीय आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळे स्थापन झाली, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. त्यांच्या गोदामांचे ठरलेले नमुने सगळीकडे सारखे उभे राहिले: ट्रकच्या पाट्याला भिडेल असे जोते, वर झरोके, थप्प्यांमधून फिरण्याइतकी वाट. ही सारखी गोदामे डोळ्यांना कंटाळवाणी वाटतील. पण उंदीर, ओल आणि बुरशी या तिघांनी खाल्लेल्या धान्याचा विचार केला तर त्या कंटाळवाण्या नमुन्याचे मोल कळते.

पानाची गोष्ट अगदी उलटी. धानाला ऊन हवे, तेंदूपत्त्याला ओल आणि कोरडेपणा यांच्या मधली एक नेमकी अवस्था हवी. पान मे महिन्यात तोडले जाते. महाराष्ट्रात ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते, असा हिशेब असतो. फडीवर, म्हणजे पान गोळा करण्याच्या जागेवर, वाळवलेले पुडे पोत्यात भरण्याआधी किंचित दमट करावे लागतात, नाहीतर पानाचा चुरा होतो. जास्त दमट राहिले तर पोत्याच्या आत काळे पडते. मृगाचा पाऊस येण्याआधी सगळे पान छपराखाली गेलेच पाहिजे आणि मग वर्षभर तिथे राहिले पाहिजे. त्यामुळे पानाच्या गोदामाचे जोते उंच, भिंतीला ओल न चढेल असा गिलावा, छप्पर एका थेंबालाही न गळणारे, आणि थप्पी भिंतीपासून हातभर दूर. आगीची भीती तर कायमचीच. एक ठिणगी पडली तर वर्षाचा धंदा राख, म्हणून एकच अवाढव्य वखार बांधण्यापेक्षा मध्ये मोकळी जागा सोडून अनेक वखारी बांधणे शहाणपणाचे ठरे.

विडीच्या धंद्याने गोंदियाला पैसा दिला आणि माणसेही दिली. गुजरातमधून आलेल्या पटेल घराण्यांनी मध्य प्रांताच्या जंगलपट्ट्यात हा धंदा वाढवला. मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) त्याच परंपरेतले. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि विडीच्या पैशातून शाळा-महाविद्यालयांच्या इमारती उठल्या.

विडी कारखान्यात यंत्र नव्हतेच. लांब दालनात ओळीने माणसे बसत, मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि जर्दा. इमारतीला एवढेच हवे होते: दिवसाचा भरपूर उजेड, बसायला जमीन, पान-तंबाखूची कोरडी खोली, विडी शेकायची भट्टी आणि मोजून घेणाऱ्याची बैठक. बांधायला इतका स्वस्त कारखाना दुसरा नसेल. आणि तिथेच या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोचरा आकडा सापडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा बंधनकारक केली. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने विडी कामगारासाठी ठरवलेली जागा होती सव्वाचार घनमीटर. यंत्र नाही, धूर नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण दिवसभर तंबाखूच्या धुळीत श्वास घेणाऱ्या माणसाला तिसऱ्या हिश्श्याहून कमी हवा पुरते, हे कोणत्या हिशेबात बसते?

तरीही त्या कायद्याने प्रथमच विडी कारखान्याला परवाना, मंजूर नकाशा, प्रसाधनगृह, पाळणाघर या गोष्टी लावल्या. त्याचा परिणाम उलटा झाला. देशभर मालकांनी दालने बंद करून काम घरखात्यात, म्हणजे घरोघरी, आणि सट्टेदारांकडे, म्हणजे मधल्या ठेकेदारांकडे, सोपवले. केरळात हा कायदा लागू झाला तेव्हा मोठ्या विडी उत्पादकांनी कारखानेच बंद केले आणि बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली. पूर्व विदर्भात तशी संस्था उभी राहिली नाही. पान आणि तंबाखू बायांच्या घरात गेली. कारखान्याची भिंतच नाहीशी झाली आणि तिच्यासोबत घनमीटरचा प्रश्नही. चांगल्या हेतूने केलेला नियम इमारतीपर्यंतच पोहोचतो आणि मालक इमारतच सोडून देतो, हे विडीने दाखवले. नव्या शेडच्या नियमांवर चर्चा करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

लाखेबद्दल थोडक्यात. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरची लाख गोंदियाच्या बाजारात येई आणि इथे तिचे कारखाने चालत. लाखेला पाणी फार लागते. कुटलेली लाख हौदात तुडवून धुवायची, रंगाचे लाल पाणी बाहेर काढायचे, मग सावलीत वाळवायची. पुढे कापडाच्या लांब नळीत भरून लांबट भट्टीसमोर पिळायची आणि पाझरलेल्या गरम लाखेचा पत्रा हातापायांनी, दातांनी ताणायचा. भट्टीची धग आणि सावलीचा गारवा एकाच छपराखाली जमवायचा, हे बांधणाऱ्यापुढचे कोडे. गटाराची दिशा चुकली तर शेजारची विहीर लाल. अशा इमारतींची रेखाटने कुणी जपली नाहीत, याचे दुःख वाटते.

मोठ्या भांडवलाचे चित्र निराळे होते. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी नोंदवून दलदलीची स्वस्त जागा घेतली आणि भरावावर एम्प्रेस मिल उभी केली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. तिथे इंजिनिअर होते, परदेशी यंत्रांचे आराखडे होते, पुढे आग विझवणारे फवारे आणि हवेत दमटपणा राखणारी यंत्रेही आली. गोंदियाच्या मिलमालकाकडे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे होता यंत्रविक्रेत्याने दिलेला एक कागद, एक मिस्त्री आणि शेजारच्या मिलमध्ये झालेली चूक. तरीही त्याने पिढीमागून पिढी चालणाऱ्या इमारती उभारल्या. विदर्भाच्या उद्योगाच्या इतिहासात एम्प्रेस मिलला जेवढी पाने मिळतात त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी या निनावी कामाला मिळायला हवीत.

गेल्या दोन-तीन दशकांत चित्र बदलले. पोलादी सांगाडा कारखान्यात कापून, भोके पाडून ट्रकने येतो, क्रेनने उभा राहतो, बोल्टने जोडला जातो. मधे एकही खांब न घेता वीस-तीस मीटरचा गाळा सहज मिळतो आणि पाऊस सुरू होण्याआधी छप्पर चढते. मधला खांब गेल्याने ट्रक आत फिरतो, थप्पी हवी तशी लावता येते, यंत्र बदलले तरी भिंत पाडावी लागत नाही. आज गोदाम, उद्या शोरूम, परवा मंगल कार्यालय असा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना तोच सांगाडा विकता येतो.

पण त्या सोयीची किंमत उन्हाळ्यात कळते. पारा ४५ कडे सरकतो तेव्हा उघड्या पत्र्याखाली काम करणे म्हणजे शिक्षा आहे. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जात असे. नव्या पत्र्याला ती वाट मुद्दाम ठेवावी लागते. माथ्यावर हवेशीर कणा, पत्र्याखाली उष्णतारोधक थर, पश्चिमेला कमी उघड्या जागा, यातले काहीही नवे किंवा फार महाग नाही. तरीही कोटेशनमधून सर्वांत आधी हेच कापले जाते, कारण त्याने मालाचे नुकसान होत नाही, फक्त माणसाचे होते. बांधून देणाऱ्याने इथे गिऱ्हाइकाशी वाद घालायला हवा. मिस्त्री शाफ्टच्या रेषेसाठी घालत असे, तसाच.

दरम्यान शहराला लागलेल्या कुडव्यात बांधकामाला मिल-गोदामांपलीकडचे गिऱ्हाईकही मिळाले आहे. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच्या स्वतःच्या इमारतीसाठी कुडव्याची जागा ठरली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली.

जुन्या मिलमध्ये आता सॉर्टेक्स बसवण्याची घाई आहे. हे यंत्र प्रत्येक दाण्यावर कॅमेरा रोखून काळा किंवा पिवळा दाणा हवेच्या फटक्याने उडवते. त्याला धूळ चालत नाही, हादरा चालत नाही, तापलेली हवा चालत नाही. म्हणून पन्नास वर्षांच्या मिलच्या पोटात काचेची बंद खोली बांधावी लागते, तिला एसी लावावा लागतो, हवेच्या कॉम्प्रेसरला वेगळा पाया घालावा लागतो आणि एलिव्हेटरचा जुना खड्डा आणखी खोल करावा लागतो. पाणी वर येण्याआधी, म्हणजे उन्हाळ्यातच, ते खोदकाम उरकायचे असते. मिलमालक हंगाम बुडेल म्हणून तारीख विचारत राहतो आणि मिस्त्री आधी जमिनीवर सूत धरून यंत्राची रेषा आखतो.